मामाच्या जीपमधले माझे इंजेक्टर

माझ्या अंगात बाकी दुर्गुण असतील नसतील, एक मात्र आहे आणि तो डोळखांबच्या सगळ्या रस्त्याला ठाऊक आहे: मला कुणी मागे टाकलेलं खपत नाही. मी काळी-पिवळी जीप चालवतो, डोळखांब ते शहापूर. स्टँडवरचा नियम साधा आहे. जो आधी पोचेल त्याचा परतीचा नंबर आधी. आणि माझी जीप चढाला लागली की अशी कण्हायची की मागच्या सीटवरच्या बाया विचारायच्या, "आमी उतरून चालू का रे? तू ये मागून." सगळी जीप हसायची. मीही हसायचो, पण आतून जळायचो.

म्हणून मुरबाडच्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडून सांगितलं की इंजेक्टर बदलता येतील. इंजेक्टर म्हणजे इंजिनात डिझेलचा फवारा मारणारी वीतभर वस्तू, माझ्या गाडीला चार. भोकं मोठी असली की डिझेल जास्त जातं आणि गाडी जास्त ओढते. मिस्त्री मनाने सरळ, त्यांनी पुढचंही सांगितलं. "धूर वाढंल. आनि कंपनीनं दिलेल्या इंजिनात असा हात घालायचा तर आधी परवानगी लागते. पासिंगला, आरटीओच्या तपासणीला, अडकशील." मी उचलली जीभ लावली टाळ्याला: "पासिंगला अजून लई टाइम हाय. तुमी बसवा." जुने चार मी त्यांच्याकडेच टाकून आलो. त्यांचं तोंडही मला बघायचं नव्हतं.

पुढचे काही महिने मी राजा होतो. शेणव्याला प्रवासी उतरवून निघालो की पुढे दिसेल त्या जीपला गाठायचं आणि मागे टाकायचं. मागे आरशात बघितलं तर रस्ता दिसायचा नाही, नुसता काळा धूर. मला तो तेव्हा शोभून दिसतोय असं वाटायचं. माणसाची अक्कल जाते ती अशी.

एके दिवशी त्या धुरात माझा मामा सापडला. आईचा सख्खा भाऊ, याच रस्त्यावर माझ्या आधीपासून जीप चालवणारा. मला स्टेअरिंग धरायला त्यानेच शिकवलं. त्याच्या पुढच्या सीटवर मामी होती, बाजाराला निघालेली. मी चढावर दोघांनाही मागे टाकलं आणि शहापूरला येऊन नंबर लावला. पाठोपाठ मामा आला. मामीचा चेहरा चुलीपुढून उठल्यासारखा झाला होता. मामा माझ्याकडे न बघता पानाच्या टपरीकडे गेला, आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलायचा थांबला.

म्हणजे बोलायचा, पण दुसऱ्यामार्फत. मी हातभर अंतरावर उभा असलो तरी टपरीवाल्याला म्हणायचा, "त्याला सांग, त्याचा नंबर लागला." टपरीवाला मला सांगायचा. मी म्हणायचो, "ऐकलं." टपरीवाला मामाला सांगायचा, "त्यानं ऐकलं." स्टँडवर सगळ्यांची करमणूक व्हायची. माझी व्हायची नाही. मामा बोलत नाही ही गोष्ट मला जेवताना आठवायची, आणि राग मात्र मामाचाच यायचा.

असा पौष आला, आणि पासिंगची मुदत संपायला आली. मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेत आम्हा जीपवाल्यांना बसायला फुरसत नसते. नेमक्या त्याच वेळी बिनपासिंगची गाडी दारात उभी राहणार, म्हणजे वर्षाचं हसं. आमच्या स्टँडवर पासिंगचं एक पोतं आहे. त्यात कंपनीचा साधा हॉर्न, साधे बल्ब, धड सायलेन्सर असं सगळं ठेवलेलं असतं. ज्याची पासिंग त्याने ते गाडीला लावायचं, पास झाला की परत पोत्यात. गाणी म्हणणारे हॉर्न आणि निळे दिवे तोवर घरी. मीही पोतं नेलं, सगळं लावलं. आधी धुराची चाचणी करायला गेलो. तिथल्या माणसाने सायलेन्सरमध्ये नळी घातली, मला रेस करायला लावली आणि खोकत बाहेर आला. "हे काय पास होत नाय." पोत्यात इंजेक्टर नसतात.

मी थेट मुरबाड गाठलं. "मिस्त्री, माझे जुने चार द्या." मिस्त्री हात पुसत म्हणाले, "ते तर दिले. एकाचे गळत होते, तुझे चांगले होते, त्याच्या गाडीला बसवले." कोणाच्या, ते विचारल्यावर त्यांनी माझ्या मामाचं वर्णन केलं.

नाक मुठीत धरून मामाच्या अंगणात गेलो. मामी वाल निवडत होती, मामा टायरवर बसला होता. मी सगळं सांगितलं. मामा मामीला म्हणाला, "त्याला इचार गो, तवा मुरबाडला टाकून का आला?"

"मामी, त्याला सांग, माझी अक्कल गेलती."

मामीने सूप खाली ठेवलं. "मी का तुमची टपरीवाली हाय? बोला की एकमेकांशी."

मामा उठला, पाना घेतला आणि स्वतःच्या जीपचं बॉनेट उघडलं. एकेक करत चारही इंजेक्टर काढून फडक्यात गुंडाळले. जत्रेच्या तोंडावर त्याची जीप बंद होऊन पडली, आणि ती माझ्यासाठी. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी ते माझ्या गाडीत बसवले. धुराच्या चाचणीत गाडी पास झाली, आणि त्याच्या पुढच्या दिवशी पासिंगला मामा न विचारता माझ्या शेजारी येऊन बसला.

आरटीओच्या साहेबांनी गाडीभोवती फेरी मारली, बॉनेट उघडून वाकून बघितलं. नट ताजे उघडलेले दिसत होते. "इंजिन कंपनीने दिलं तसंच आहे ना?"

मी म्हणालो, "हो साहेब. कालपासून."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मामाकडे बघितलं. "मग पुढेही तसंच राहू द्या," म्हणाले आणि सही केली.

परतताना चढ लागला आणि जीप पुन्हा पहिल्यासारखी कण्हू लागली. मागून एक पोरगेला जीपवाला आला. दोनदा हॉर्न दिला, खिडकीतून हात वर केला आणि पुढे गेला. माझा पाय आपोआप दाबला गेला, पण गाडी काही हलेना. मामा पुढे बघतच म्हणाला, "बघितलंस? त्यानं हात दावला."

इतक्या महिन्यांनी तो माझ्याशी बोलला होता. मी म्हणालो, "मामा, धुराचं मी—"

"धुराचं काय घेऊन बसलास. माजी गाडी का धूर टाकीत नाय? तुजी गाडी पुढं गेली, मला बरंच वाटलं. शिकवला तो पोरगा पुढं जातो. पन तू माज्याकडं बघितलंस पन नाय रे. कुनी परका जावा तसा गेलास."

मी गाडी कडेला घेतली. म्हटलं, "चुकलो मामा." त्याने मान हलवली, खाली उतरला, वळसा घालून माझ्या बाजूला आला आणि दार उघडलं. "सरक तिकडं. तुजे इंजेक्टर मला जास्त ठाऊक हायेत." मी सरकलो. मामाच्या गाडीला नवा सेट येईपर्यंत जत्रेची सगळी भाडी आम्ही त्या एकाच जीपवर मारली, आलटून पालटून, आणि त्या दिवसांत आम्हाला किती जण मागे टाकून गेले ते मी मोजलंच नाही.