मार्गारेटचं विरजण

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. माझ्या फ्रिजवर कायम एक यादी असते आणि झालेल्या कामावर मी तिथल्या तिथे काट मारते. ही गोष्ट मात्र आठ वर्षांत एकाही यादीत आली नाही. कशी येणार? यादी घरातले सगळे वाचतात.

कॅनडातल्या आमच्या ग्वेल्फ गावाजवळ जुन्या काळातलं एक खेडं जसंच्या तसं जपलं आहे. ओंडक्यांची घरं, चूल, विहीर. मी तिथे शनिवारी स्वयंसेवक म्हणून जात असे. डोक्याला झालरीची टोपी आणि घोट्यापर्यंत झगा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझी केतकी म्हणाली होती, "आई, यू लुक लाइक अ लॅम्पशेड."

तिथल्या एल्सीबाई ऐंशीच्या पुढच्या. मूल नाही, नवरा केव्हाच गेलेला. तिथलं एक ओंडक्यांचं घर त्यांच्या खापरपणजीचं, मार्गारेटचं. शाळेच्या मुलांना चुलीभोवती बसवून त्या तिची गोष्ट सांगत. पहिला हिवाळा. नवरा दळण घेऊन दोन दिवसांच्या वाटेवरच्या गिरणीत गेलेला, इकडे फटींतून बर्फ आत, जवळ दोन तान्ही मुलं. आणि मार्गारेट पोटाशी एक बरणी घेऊन झोपायची. बरणीत आंबवलेलं पीठ. ते गोठलं तर वसंतापर्यंत पाव नाही. पाचवी पिढी एल्सीबाईंची, आणि तेच पीठ अजून जिवंत होतं — दर आठवड्याला थोडं काढायचं, थोडं नवं घालायचं.

त्याला इंग्रजीत स्टार्टर म्हणतात. मी पहिल्या दिवसापासून विरजणच म्हटलं. तिथेच घोळ झाला.

एका जानेवारीत एल्सीबाई ड्राइव्हवेवरच्या बर्फावर घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलच्या खाटेवरून त्यांनी आपल्या राहत्या घराची चावी माझ्या हातात दिली. "सनीटा, बरणी तुझ्याकडे ने. ओट्यावर ठेव. आणि फार लाड करू नकोस हं तिचे." इतकंच सांगितलं होतं. इतकंच.

आता तुम्हीच सांगा, विरजण गार ओट्यावर कोण ठेवतं? कॅनडात आम्ही सगळ्या जणी थंडीत दही कुठे लावतो? ओव्हनमध्ये, आतला दिवा चालू ठेवून. दारावर चिठ्ठी — "आत दही आहे". माझी चिठ्ठी तर कधी निघतच नसे. दही असो नसो, ती तिथेच. इतकी वर्षं तिथे होती की ती कुणाला दिसेनाशी झाली होती. मलाही.

बरणीतलं पीठ मरगळलेलं वाटलं म्हणून मी ती आत ठेवली. एल्सीबाईंपेक्षा मला जास्त कळतं — असंच वाटलं ना मला? हो. असंच वाटलं. दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, केतकीच्या मैत्रिणी आल्या. पिझ्झा करायचा म्हणून मी ओव्हन चारशे फॅरनहाइटवर लावला. मीच. माझ्याच हाताने.

वास आला तेव्हा उशीर झाला होता. बरणीला तडा गेला नव्हता. आत मात्र तपकिरी, खडखडीत पापुद्रा. "काही जळलं का?" नवऱ्याने विचारलं. मी म्हटलं, "चीज सांडलं."

हे पहिलं खोटं. पुढची सोपी गेली.

बरणी भिजवली, घासली, खिडकीतल्या उन्हात वाळवली. पोळ्यांची कणीक घेतली, पाणी, वर चमचाभर दह्याची निवळी. रोज सकाळी थोडं काढलं, थोडं घातलं. तिसऱ्या आठवड्यात ते फसफसून झाकणाला भिडलं. पुढे एल्सीबाई काठी टेकत बरणी न्यायला आमच्या घरी आल्या, बोट बुडवून चाखलं आणि मोठ्याने हसल्या. "अगं, म्हातारी तरुण झाली की!"

तेव्हा सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं. मग त्यांनी मला मिठी मारली — आणि मी तोंड मिटलं.

सप्टेंबरच्या फॉल फेअरमध्ये, म्हणजे गावच्या जत्रेतल्या स्पर्धेत, त्यांनी त्या पिठाचा पाव ठेवला. पूर्वी तीनदा ठेवला होता, कधी नंबर आला नव्हता. या वेळी लाल रिबीन. इथे पहिल्या नंबराला लाल मिळते. परीक्षक म्हणाले, या पावाला जुन्या काळाची चव आहे. एल्सीबाईंनी मला मंचावर ओढलं, बरणी माझ्या हातात ठेवली आणि माइकवर सांगितलं, "मार्गारेटचं पीठ आता हिच्या घरी राहील. सहावी पिढी." सगळा मंडप उभा राहून टाळ्या वाजवत होता.

आणि आता खरी गोष्ट. इतका वेळ मी तिच्याभोवती फिरत होते. खोटं बोलले, हे तर आहेच. पण त्या मंचावर मला लाज वाटत नव्हती. मला आनंद होत होता — उघडा, भरभरून आनंद. त्यांच्या पाच पिढ्यांना मिळाली नाही ती रिबीन माझ्या कणकेने आणली, माझ्या निवळीने आणली, हे त्या अख्ख्या मंडपात मला एकटीला ठाऊक होतं. मी बरणी डोक्यावर उंच धरली. तेव्हा काढलेला फोटो अजून त्या ओंडक्यांच्या घरात लावलेला आहे.

दोन वर्षांमागे एल्सीबाई गेल्या. शेवटपर्यंत त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही.

आता चुलीपाशी मी बसते. मुलं बरणीभोवती गोळा होतात, नाक खुपसतात, नाकं मुरडतात. मार्गारेटचा हिवाळा मी एल्सीबाईंसारखाच सांगते, एक शब्द न बदलता. मग एखादी चिमुरडी विचारतेच, "इज इट स्टिल द सेम वन?"

मी हो म्हणते.

गेल्या शनिवारीही म्हटलं.