माटुंग्यापर्यंत नेलेलं नाक

फणसवाडी ते माटुंगा याला कुणी प्रवास म्हणत नाही. मी म्हणतो, कारण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो मी जीव मुठीत धरून केला. वर्षापूर्वीच्या तापात माझं नाक गेलं. म्हणजे जागेवर आहे, पण वास येत नाही. हे मी बायकोला, सुधाला, सांगितलं नव्हतं. तिच्या आमटीला रोज 'छान' म्हणून वेळ मारून नेत होतो.

आणि सुधा मला नेत होती तिच्या जुन्या कॉलेजच्या जीवशास्त्र विभागात. तिथे परदेशातून आलेल्या एक संशोधक बाई लोकांची नाकं तपासत होत्या.

नायगावला बस बराच वेळ अडकली. मला बरंच वाटलं.

विभागात सागवानी कपाटं, बरण्यांत साप आणि मासे. एका पितळी सूक्ष्मदर्शकावर खंडेनवमीचं (अवजारं पुजण्याचा दिवस) हळदकुंकू होतं. "यावर मी झुरळाचे पाय बघितलेत," सुधा म्हणाली. माहेरी आल्यासारखी खुलली होती.

आधी तिची तपासणी झाली, मग माझी. समोर पाच बाटल्या, बाईंच्या पुढ्यात उत्तरांचा कागद. मी तीस वर्षं कारकुनी केली आहे. साहेबाच्या टेबलावरचा कागद उलटा वाचता येणं हीच आमची विद्या.

"लवंग. कॉफी. संत्र्याची साल," मी हुंगत हुंगत सांगितलं. पाचही बरोबर.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, सकाळपासून सगळ्यांनी पाचही बाटल्यांना एकच उत्तर दिलंय. धूप. तुमच्या मिसेसनीसुद्धा."

दारातले जुने शिपाई गावडे पुढे झाले. "मॅडम, खंडेनवमीला मीच धूप दाखवला बाटल्यांना. झाकणं काढून. बंद बाटलीत धूप कसो जातलो?"

बाईंनी कपाळाला हात लावला.

परतीच्या बसमध्ये मी कबूल केलं.

"माहितीये," ती म्हणाली. "पाडव्यापासून आमटीत हिंग घालत नाहीये मी. तुम्ही रोज छान म्हणता."

"मग बोलली का नाहीस?"

"कधी सांगताय ते बघत होते."

मला लाज वाटली, आणि सुटल्यासारखंही वाटलं. स्वयंपाकघरात दोन पावलं जाऊन सांगायची गोष्ट, त्यासाठी मी माटुंगा गाठला होता.

रात्री पानात आमटी वाढून तिने विचारलं, "कशी झालीये?"

"कळत नाही गं," मी म्हणालो, आणि आणखी एक वाटी मागून घेतली.