मुक्ताच्या आबांनी न घेतलेलं पाणी

ताडकळसला मला पुण्याच्या गाडीत बसवताना माझ्या वडिलांनी, अण्णांनी, सामान वर ठेवलं, खाली उतरून खिडकीशी आले आणि म्हणाले, "फुकट मदत करायला कुणी आलं तर आधी इचार, कामून करायलाय." आईचे डोळे भरले होते. अण्णांचे मात्र माझ्या शेजारी बसलेल्या माणसावर होते. त्यांचा हा स्वभाव मी पुण्यात सोबत घेऊन आले. घरमालक, सोसायटीचा सेक्रेटरी, ऑफिसातला गोड बोलणारा टीम लीड, सगळ्यांकडे मी अण्णांच्याच नजरेनं बघत आले.

गावाकडं राहिलेले तुम्ही हसाल, पण तुमचं तरी काय वेगळं? मी रविवारी व्हिडिओ कॉलवर आपल्याकडच्या बारावीच्या मुलींना कॉलेज निवडायला मदत करू लागले, तेव्हा तुम्हीच कुजबुजलात, हिचा यात काय फायदा?

फायदा होता. पालमची मुक्ता, मेंढरं राखणाऱ्या घरातली, सुरुवातीला कॅमेराच लावायची नाही. काहीही विचारा, "हो ताई." मला शंका यायची, पोरीजवळ कुणीतरी आहे. होतंच. तिचे वडील, आबा, शेजारी बसून सगळं ऐकायचे. मग एका रविवारी तिचा चेहरा दिसला आणि ती म्हणाली, "न्हाई ताई, तुमी सांगितलं ते कॉलेज मला नको. मी चौकशी केली, तिथं शिकवायलाच कुणी न्हाई." त्या "न्हाई"नं मला जो आनंद दिला तो ऑफिसातल्या प्रमोशननंही दिला नव्हता.

तिचा इंजिनियरिंगला पुण्यात नंबर लागला. हॉस्टेल मिळेपर्यंत ती माझ्याकडे राहणार होती. आबा फोनवर एवढंच म्हणाले, "आधी घर बघतो." म्हणजे घर पसंत पडलं नाही तर पोरगी त्यांच्याबरोबर पालमला परत.

अ‍ॅडमिशनच्या आदल्या दिवशी दोघं आले. आबांनी आत येतानाच दाराची कडी बघितली आणि ते दाराजवळ खालीच बसले. पाणी दिलं, "ऱ्हाऊ द्या." चहा केला, "ऱ्हाऊ द्या." पोह्यांना हात लावला नाही. गॅलरीतून खाली डोकावले, वरच्या मजल्यावर कोण राहतं ते विचारलं. मग माझ्याकडे बघत म्हणाले, "ताई, तुमचं यात काय हाय?"

"काही नाही, मामा," मी म्हणाले, आणि अण्णा असते तर या उत्तरावर तिथंच उठले असते हे मला लगेच कळलं.

नाना शंका डोक्यात आल्या. एकटी राहणारी बाई म्हणून? की माझ्या हातचं चालत नाही? थोड्या वेळानं आबा "आलोच" म्हणून खाली उतरले. मी गॅलरीतून बघितलं, तर समोरच्या टपरीवर उभं राहून घटाघटा पाणी पीत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मुक्ता, तुझ्या आबांचा माझ्यावर भरोसा नाही," मी म्हणाले. "उगीच ताटकळत बसू नकोस, जा त्यांच्याबरोबर."

ती आधी बावरली, मग हसायला लागली. "तसं न्हाई ताई. लेक दिलेल्या घरचं पाणी पेत न्हाईत आबा. थोरल्या बहिणीच्या सासरी बी असंच करतेत."

"म्हणजे ठरलंय?"

"कवाच. कडी बघितली तवाच."

लेकीच्या घरचं पाणी न घेण्याची रीत मला ठाऊक नव्हती असं नाही. पण ती लग्न झालेल्या लेकीच्या सासरची. शिकायला ठेवलेल्या पोरीसाठी माझ्या घरी कुणी ती पाळेल, हे ध्यानीमनी नव्हतं. अण्णांच्या नजरेला संशय तेवढा दिसतो, मान दिसत नाही. मला रडू आलं.

आता मुक्ता तिसऱ्या वर्षाला आहे. रविवारचे निम्मे कॉल तीच घेते आणि मुलींना आधी कॅमेरा लावायला दटावते. माझा संशयी स्वभाव काही गेलेला नाही. तिच्या नव्या मैत्रिणींची मी कसून चौकशी करते आणि ती मला हसते.

गावाकडून फोन येतो, घरी कधी येतेस? मीही घर म्हणजे ताडकळस असंच धरून चालले होते. इथल्या या दोन खोल्या नुसत्या भाड्याच्या. पण एक माणूस इथं तहानलेला बसला आणि हे लेक देण्याजोगं घर आहे, असं त्यानं मला न विचारता ठरवून टाकलं.