गाय तर एकच: मेथीच्या वाफ्यापासून चौमूंपर्यंत

त्या सकाळी मी गौरीचं दूध उकिरड्याजवळच्या चरात ओतलं आणि तिच्याच शेणाचा काला करून पाटाच्या पाण्यातून मेथीला सोडला. गौरीला कासदाह झाला होता, अँटिबायोटिकची इंजेक्शनं चालू होती. दूध विकू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. शेणाबद्दल ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. शेणाने आपण देवघर सारवतो. त्याबद्दल काय विचारायचं?

दुपारी जयपूरहून भाची ऋचाचा फोन आला. ती जन्मली, वाढली तिकडेच; मातीचं शास्त्र शिकते. बोलता बोलता हे सांगितलं, तर म्हणाली, "मामा, मतलब दूध खराब आणि शेण शुद्ध? गाय तर एकच आहे ना!"

त्या वाफ्यातली मेथी दर शनिवारी मारुतीच्या देवळातल्या पंगतीला जाते. मन खाऊ लागलं. ऋचाला दाखवायला वाफ्यातली माती कापडी पिशवीत भरली आणि पुण्याहून जयपूरची गाडी धरली. तुम्ही महिनाभर आधी आरक्षण करा. मला तत्काळचं तिकीट काढावं लागलं. जानेवारीत जाणार असाल तर स्वेटर हवाच. तिथली थंडी आपल्याकडच्यासारखी लाजरी नाही.

बहीण झोटवाड्यात राहते, मेहुणे रेल्वेत. पहिल्या दिवशी मोती डुंगरीच्या गणपतीला जाऊन आलो. बुधवार टाळा, फार गर्दी असते. हात जोडले, पण काही मागितलं नाही. नकळत झालं, एवढंच सांगितलं.

दुसऱ्या सकाळी ऋचासोबत चौमूंची बस. तास-दीड तास लागतो, तिकीट किरकोळ. पुढे रिक्षाने ऋचाच्या ओळखीच्या धापूबाईंच्या भाजीच्या शेतावर. वय साठीच्या पुढचं, ओढणी डोक्यावर, जीभ धारदार. सगळीकडे फिकट वाळू, त्यांचं शेत मात्र काळपट. माझी पिशवी पाहून म्हणाल्या, "लोग जयपुर से रजाई ले जाते हैं, ये भाईसा मिट्टी लेके आए!"

ऋचाने बुडाला भोकं असलेल्या दोन कुंड्या घेतल्या. एकीत माझी माती, दुसरीत धापूबाईंची. जनावरांच्या जखमेला लावतात ते जांभळं औषध पाण्यात कालवून दोन्हींत ओतलं. माझ्या कुंडीखालून जांभळं पाणी ठिबकलं. धापूबाईंच्या कुंडीतून जवळजवळ नितळ.

"हे इंजेक्शनचं औषध नाही मामा, पण समजायला पुरे," ऋचा म्हणाली. "मुरलेलं खत, कुजलेला पाला औषधाला धरून ठेवतात. मग ते झाडात, विहिरीत कमी जातं."

"म्हणजे भरपूर खत घातलं की सुटलो?"

"नाही ना! धरलं म्हणजे संपलं नाही. आणि ताजं शेण तर स्वतःच औषध घेऊन येतं."

वर्षानुवर्षं रासायनिक खतं आणि वरून शेणकाला, यालाच मी मातीची सेवा समजत होतो. धापूबाईंनी ढीग दाखवला: शेण, पालापाचोळा, तूस यांचे थर, आतून वाफाळणारे. चार-चारदा उलटतात, महिनोन्‌महिने मुरवतात. बरीचशी औषधं त्यात विरतात, काही चिवट राहतात. म्हणून आजारी गायीचं शेण वेगळं, ते भाजीला कधीच नाही. मी विचारलं, लवकर होईल असं काही? हसून म्हणाल्या, "भाईसा, गोबर और अचार, दोनों में जल्दी नहीं चलती." मग बाजरीची रोटी, लसणाची चटणी आणि कढी वाढली. पैसे घेतले नाहीत.

घरी आल्यावर बायको, शालन, ऐकेना. "शेणाला कसला विटाळ हो? शहरातून काय शिकून आलात!" मी दोन कुंड्या मांडल्या. एकीत वाफ्यातली माती, दुसरीत तीच माती. फक्त बांधावरच्या आंब्याखालचा जुना, मुरलेला पाला तिच्यात मिसळलेला. जांभळं पाणी ओतलं. पहिल्या कुंडीखाली रंग उतरला. दुसरीखालची वाटी शालनने उन्हाला धरली, बोट बुडवून पाहिलं, तरी तिला रंग दिसेना. "अगंबाई," एवढंच म्हणाली. मला जग जिंकल्यासारखं वाटलं.

मेथीचा वाफा मोडला, तिथे ताग पेरला. फुलावर आला की हिरवळीचं खत म्हणून मातीत गाडणार. पंगतीला यंदा दुसऱ्या रानातला भोपळा जातो. पुजाऱ्यांना कारण सांगितलं, लाजलो नाही.

गेल्या आठवड्यात गौरीची कास पुन्हा सुजली, इंजेक्शन झालं. सकाळी मी दूध गोठ्यामागच्या नव्या, शेडखालच्या खड्ड्यात ओतलं. मागे वळलो, तर शालन शेणाची पाटी डोक्यावर घेऊन उभी. मी पाटीला हात लावून ती उतरवली आणि शेणही त्याच खड्ड्यात टाकलं.