शुद्ध केलेली पत्रं

आक्का माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. दहावी झाली आणि पन्हाळ्याच्या पायथ्याला एका शेतकरी घरात तिचं लग्न लावून दिलं. मी मात्र शिकत राहिले. वडील शिरोलीला फौंड्रीत मोल्डर होते, ओतकामाचे साचे बनवायचे. एका मुलीला तरी भरपूर शिकवायचं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं आणि ती एक मुलगी मी निघाले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी इंग्रजी घेऊन एम. ए. करत होते. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आमच्या आळीत त्याचं कोण कौतुक होतं.

तेव्हा फोन नव्हता. आक्का आंतरदेशीय पत्रं लिहायची, महिन्याला एखादं. खुशालीच्या दोन ओळी झाल्या की बाकी सगळं पत्र रानाबद्दल. ओढ्याला पाणी किती आलं, ऊस तोडल्यावर रान कसं दिसतं, कुठलं पाखरू विहिरीवर यायला लागलं. सासरी तिचं हे ऐकायला कोणाला वेळ नसावा. बोलायची तसंच लिहायची, हाय आणि न्हाय करत. काना-मात्रेचा पत्ता नसे.

त्या वर्षी आम्हाला रोमँटिक काळातली इंग्रजी कविता होती. सर फार सुंदर शिकवायचे. एक दिवस त्यांनी सांगितलं की या कवींच्या आधी निसर्गावर लिहायची एक ठरलेली, नटवलेली भाषा होती. या कवींनी ती टाकून दिली आणि शेतात राबणाऱ्या साध्या माणसांची बोली हाती घेतली. त्यामुळे त्यांच्या कवितेत डोंगर आणि नदी नुसतं वर्णन करायच्या गोष्टी उरल्या नाहीत, सोबत राहणाऱ्या माणसांसारख्या झाल्या. मी ते सगळं वळणदार अक्षरात उतरवून घेतलं. परीक्षेत या प्रश्नाला मला वर्गात सगळ्यात जास्त गुण पडले.

त्याच हिवाळ्यात आक्काचं एक पत्र आलं. त्यातलं एक वाक्य मला आजही जसंच्या तसं पाठ आहे. ‘आज धुकं रानात बसलंय, उठायचं नावच घेत न्हाय.’ मला काय अवदसा आठवली कोण जाणे. मी लाल पेन घेतलं आणि सगळं पत्र तपासलं. ‘हाय’चं ‘आहे’ केलं, ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं. धुक्याच्या वाक्याखाली रेघ मारली आणि समासात लिहिलं, ‘धुके बसत नाही, पसरते.’ मग ते पत्र पाकिटात घालून तिला परत पाठवलं. सोबत चिठ्ठी होती की जरा लक्ष देऊन लिहीत जा. आधीची चार-पाच पत्रं पडून होती, तीही तशीच लाल करून त्याच पाकिटात घातली. मला वाटलं, मी तिला शिकवते आहे.

त्यानंतर पत्र यायला तीन महिने लागले. ते अगदी शुद्ध होतं. ‘आम्ही सर्व येथे खुशाल आहोत. हवा बरी आहे.’ खाली सही. पुढची सगळी पत्रं तशीच आली. तिच्यात सुधारणा झाली म्हणून मला बरंच वाटलं. मग गावात फोन आला आणि पत्रं थांबली.

पुढे मी कॉलेजात नोकरीला लागले आणि तीच कविता शिकवू लागले. सरांचंच व्याख्यान मी थोड्या फरकानं दरवर्षी द्यायची. तिसऱ्या की चौथ्या वर्षी असंच बोलताना, ‘साध्या माणसांची बोली’ हे शब्द तोंडातून गेले आणि पुढचं वाक्यच सुचेना. पोरं वह्यांवर पेन ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मी पाणी प्यायले आणि तास कसाबसा संपवला. आक्काला मात्र काही बोलले नाही. सणावाराला भेटायचो, तेव्हाही नाही. उद्या सांगू, परवा सांगू, असं करत वर्षं गेली.

दोन हजार साल उलटून गेल्यावर तिला गर्भाशयाचा कॅन्सर निघाला. उपचारासाठी तिला कोल्हापुरात हॉस्पिटलात आणलं. दुपारी दाजी जेवायला खाली जायचे आणि मी तिच्याजवळ बसायची. एका दुपारी मी धीर केला.

“आक्का, मी तुझी पत्रं लाल करून पाठवली होती. आठवतंय?”

“व्हय की. तू मास्तरीण व्हणार हुतीस.”

“राग आला होता का गं?”

“राग न्हाय. लाज वाटली. सकाळी रानात गेलं की धुकं बसल्यालंच दिसायचं. पर तू म्हणली हुतीस बसत न्हाय. मग मला वाटायचं, आपुन बघतोय तेच चुकीचं हाय.”

मी तिचा हात धरला. तू बरोबर होतीस, चुकले ते मीच, असं रडत रडत तिला सांगितलं. ती म्हणाली, “असूं दे गं. त्यात काय रडतीस.” मी म्हटलं, आता सांग मला, रानातलं काहीही सांग. तिनं खिडकीकडं बघितलं. बाहेर शेजारच्या इमारतीची भिंत होती. “आता काय सुचत न्हाय,” म्हणाली आणि तिनं डोळे मिटले. पुढच्या आठवड्यात ती गेली.

तेराव्यानंतर काही दिवसांनी तिची मुलगी माझ्याकडे आली. नुकतीच कॉलेजात जायला लागली होती.

“मावशी, आईची पत्रं आहेत का तुमच्याकडं? लाल केलेली तिनं चुलीत घातली, बाबा म्हणाले.”

माझ्याकडे फक्त नंतरची होती. मी ती दिली. तिनं तिथंच बसून सगळी वाचली.

“ह्यात आई न्हाय,” ती म्हणाली.

मग मी आठवून सांगू लागले. धुक्याचं ते एक वाक्य तेवढं जसंच्या तसं म्हणून दाखवलं. एका वर्षी आंब्याचा मोहोर गळून गेला, तेव्हा तिनं त्या झाडाबद्दल फार छान लिहिलं होतं. ओढा आटल्यावरही असंच काहीतरी होतं.

“काय लिहिलं होतं?”

मला फक्त अर्थ आठवत होता. तिचे शब्द आठवत नव्हते. मी सांगायला तोंड उघडलं की माझीच स्वच्छ, पुस्तकी वाक्यं बाहेर पडत होती. दोन-तीनदा प्रयत्न केला आणि थांबले. पोरीनं पत्रांच्या घड्या घातल्या आणि ती पिशवीत ठेवली. तिला एसटी गाठायची होती. मी स्टँडपर्यंत तिच्यासोबत चालत गेले. ती गाडीत बसली, खिडकीतून हात केला आणि गाडी निघून गेली.