विंगेतलं स्टूल

बापू गेल्याचा त्यांच्या मुलाचा फोन आला, तेव्हा मी राजारामपुरीत भाजी घेत होतो. वाईट वाटलं असं लिहायला हवं, पण खोटं कशाला लिहू? मनात पहिलं आलं ते हेच... सुटला माणूस, माफी न मागताच.

आमच्या हौशी नाट्यमंडळाचे ते दिग्दर्शक आणि कायमचे नायकही. मी वीस वर्षं विंगेत लाकडी स्टुलावर बसून त्यांना वाक्यं पुरवणारा प्रॉम्प्टर. शोकांतिका हा त्यांचा लाडका विषय. "नायकाला वैरी मारत न्हाई, त्याचा एक दोष मारतो," हे ते चहाच्या प्रत्येक कपाबरोबर आम्हाला पाजायचे. दुसऱ्यांचे दोष तर त्यांना तोंडपाठ. स्वतःचा डोंगराएवढा अहंकार मात्र कधी दिसला नाही.

माझ्या शेवटच्या नाटकात ते राजा होते. कुणाचंच न ऐकल्यामुळे राजाचा मुलगा मरतो आणि त्याच्या प्रेतापाशी बसून राजा म्हणतो, "चूक माझी होती." तालमीतही हे वाक्य बापू गिळायचे. प्रयोगात तर अडलेच. मी हळूच सांगितलं, पुन्हा सांगितलं. त्यांनी ऐकलं, माझ्याकडे पाहिलं आणि वाक्य न घेताच उठून आत आले. सगळ्यांसमोर म्हणाले, "पयल्या रांगेपर्यंत आवाज गेला तुझा. नाटक घालवलंस. उद्यापासनं येऊ नगंस." मी गेलो नाही. दहा वर्षं एकाच गल्लीत राहून आम्ही एकमेकांना टाळलं. गेले त्या दिवशी छातीत दुखत होतं, घरचे दवाखान्यात चला म्हणून मागं लागले होते, तर हे "पित्त हाय" म्हणत बसून राहिले. तिथंही कुणाचं ऐकलं नाही. या माणसाचा मला संताप येतो, अजून येतो.

दिवसकार्य झाल्यावर भेटायला गेलो. वहिनींनी आतून तेच स्टूल आणून पुढं ठेवलं. म्हणाल्या, "तुमच्या माघारी दुसरा प्रॉम्प्टर घेतला न्हाई त्यांनी. तालमीला हे मांडायचे, पण कुणाला बसू द्यायचे न्हाईत. आता तुमीच न्या."

"एवढं होतं तर एकदा घरी यायचं होतं की," मी तडकलो.

"मग तुमी का न्हाई आलासा?"

स्टूल आता माझ्या खिडकीपाशी आहे. सकाळी त्याच्यावर बसून पेपर वाचतो. बापूंवरचा राग काही गेलेला नाही. राजाचं ते वाक्य मला अजून पाठ आहे... त्या दिवशी वहिनींसमोर ते ओठांपर्यंत आलं होतं. मी स्टूल उचललं आणि घरी आलो.