गिताबाईचा नवस

वडगाव रासाईच्या गिताबाईला खोटं बोलणं कधी जमलं नाही. तरी नव्याण्णवच्या उन्हाळ्यात ती पुण्याच्या दवाखान्यात दर सोमवारी एकच खोटं बोलत होती, आणि बोलताना तिला काही वाटत नव्हतं. नवऱ्याच्या गालात कॅन्सर निघाला, त्या दिवसापासून तिला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं.

नवरा भैरू. वाडवडलांनी मेंढरं राखली, ह्यानं शेती धरली. तंबाखूची चंची मात्र त्यांनीही सोडली नाही आणि ह्यानंही. आता सणसवाडीत पुतण्याच्या भाड्याच्या खोलीत मुक्काम, रोज एसटीनं पुण्याला जायचं, मशीनखाली किरणांचा शेक घ्यायचा आणि परत यायचं. असे तेहतीस शेक सांगितले होते.

काय खायचं ते सांगायला दवाखान्यात गौतमीताई होत्या. दौंडच्या, त्यामुळे बोलणं आपल्यातलं. भैरूचं तोंड आतून सोललेलं. त्याला त्यांनी गार आंबील सांगितली, तूप घातलेली पातळ पेज सांगितली, आणि रोज दोन उकडलेली अंडी, दुधात कुस्करून.

"मावशी, अंडी देताय ना?"

"व्हय की."

वजनाचा काटा मात्र खोटं बोलेना. सेहेचाळीस, चव्वेचाळीस, एक्केचाळीस.

"मावशी, चाळीसच्या खाली आले तर डॉक्टर शेक थांबवतील. मग समदं वाया."

गिताबाई भिंतीकडं बघत म्हणाली, "अंडी दिलीच न्हाईत. बिरोबाला बोललीया, हे बरे होईस्तोवर अंडं-सागुती शिवायची न्हाई."

नवस एकानं बोलायचा आन् पाळायचा अख्ख्या घरानं, अशी ह्यांची रीत. भैरू मुकाट्यानं पाळत होता. दवाखान्यातलं दुसरं कुणी असतं तर तिला फाडून खाल्लं असतं. गौतमीताई खुर्ची ओढून जवळ बसल्या.

"देवाला शब्द कुणी दिला?"

"म्या."

"मग तुम्हीच पाळा. मामांनी कुठं दिलाय?"

"आसं चालतं व्हय?"

"देवाचं मला ठावं न्हाई, मावशी. वजनाचं ठावं हाय."

त्या दिवशी गिताबाईनं सणसवाडीच्या टपरीवरून अंडी आणली. भैरूनं एक घास गिळायला पाव तास लावला, पण गिळला. पुढच्या सोमवारी काटा एक्केचाळीसवरच थांबला होता. गौतमीताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तेहतीस शेक पुरे झाले.

भैरूनं त्यानंतर दीड वर्ष काढलं. एक सुगी त्यानं स्वतःच्या हातानं केली. मग गाठ मानेत उतरली आणि तो गेला. गिताबाईच्या डोळ्यांत टिपूस आला नाही. लोक म्हणाले, बाई दगडाची.

दुखवटा संपला तशी सून रंभानं मटणाचं कालवण केलं. सासूच्या ताटात दोन फोडी वाढल्या.

"खावा आता, आत्याबाई. फिटलं की समदं."

गिताबाईनं ताट हळूच बाजूला सारलं.

"कसं फिटलं? बरे होईस्तोवर म्हनली हुती म्या."

ह्याला आता सहा वर्षं झाली. कोरडी भाकरी ताकात बुडवून ती रोज जेवते.